१०८ च्या मागच्या सीटचा हिशेब

छोटा उदेपूरहून वडोदऱ्याचं सयाजी हॉस्पिटल शंभराच्या वर किलोमीटर पडतं. बोडेली, डभोई करत यायचं तर पावसाळ्यात दोन-अडीच तास सहज जातात. धाप लागलेला रुग्ण ऑक्सिजनवर घेऊन निघायचं असेल, तर गाडी हलण्याआधी एक गणित मांडावं लागतं. १० लिटर पाणी मावेल एवढ्या छोट्या सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा १५० बारवर असेल, तर आत साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन आहे. काट्याला क्षमतेने गुणायचं. पिशवीवाल्या मास्कने मिनिटाला १० लिटर सोडले तर १५० मिनिटं. पण काटा शून्यावर जाईपर्यंत सिलिंडर वापरायचा नसतो, १५ च्या आसपास आला की बदलायचा. म्हणजे हातात १३५ मिनिटं. काटा मुळात १०० वरच असेल तर ८५ मिनिटं, आणि तो डभोईच्या अलीकडे-पलीकडे संपतो.

गणित इथे थांबत नाही. रुग्ण वर्षानुवर्षं बिडी ओढून फुफ्फुसं खराब झालेला, म्हणजे सीओपीडीचा असेल, तर त्याला रक्तातल्या ऑक्सिजनची ८८ ते ९२ टक्के पातळी पुरते. जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून तो गुंगीत जाऊ शकतो. नाकातल्या नळीने २ लिटरवर त्याचं भागलं, तर तोच भरलेला सिलिंडर अकरा तास पुरेल. हृदयविकाराचा झटका आहे आणि पातळी ९० च्या वर आहे, तर ऑक्सिजनची गरजच नाही. धुरात कोंडलेल्या माणसाला मात्र पूर्ण १५ लिटर. कोणाला किती हे ठरवणारा माणूस गाडीत मागे एकटा बसलेला असतो. त्याला ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन म्हणतात. आपण त्याला 'ॲम्ब्युलन्सवाला' म्हणतो, आणि त्याचा पगारही त्याच समजुतीवर ठरतो.

ईएमटींचं शिक्षण तोकडं आणि पगार तुटपुंजा, ह्या दोन तक्रारी नेहमी वेगवेगळ्या मांडल्या जातात. माझ्या मते त्या एकच आहेत. सरकारी नोंदणीची सनद नाही म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून माणूस टिकत नाही, आणि टिकत नाही म्हणून त्याला शिकवण्यावर कोणी पैसा घालत नाही. ही पोस्ट दोघांसाठी आहे: बी.एस्सी. करून १०८ मध्ये जायचा विचार करणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींसाठी, आणि वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबागेतल्या त्या घरांसाठी ज्यांच्या दारात ही गाडी कधी ना कधी उभी राहते.

आधी गाडीत कोण असतं ते. देशात १०८ सुरू झाली १५ ऑगस्ट २००५ ला हैदराबादेत, आणि गुजरातेत २९ ऑगस्ट २००७ ला. गाडीत दोन माणसं: चालवणारा पायलट आणि मागे ईएमटी. महाराष्ट्रात २०१४ पासून चालणाऱ्या १०८ मध्ये डॉक्टर असतो, बहुधा बी.ए.एम.एस. म्हणून पुण्या-नाशिकचे नातेवाईक इथे आले की विचारतात, "गाडीत डॉक्टर नसतो का रे?" नसतो. ईएमटी फोनवरून मुख्यालयातल्या डॉक्टरांना, म्हणजे ईआरसीपींना रुग्णाची स्थिती सांगतो आणि औषधाची परवानगी घेतो. ही पद्धत कमी दर्जाची नाही, जगातल्या बऱ्याच देशांत असंच चालतं. पण तिला एक अट आहे. फोनवरचा डॉक्टर रुग्णाला पाहत नसतो, ईएमटी जे सांगेल तेवढंच त्याला दिसतं. सांगणाऱ्याला ईसीजीतला उंचावलेला एसटी (झटक्याची खूण) ओळखता आला नाही, तर पलीकडचा एम.डी.सुद्धा काही करू शकत नाही.

आता 'एकटा' ह्या शब्दाकडे येऊ, कारण सगळी अडचण तिथे आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर ३० दाबांनंतर २ श्वास. दाब देणारा दोन मिनिटांत थकतो. त्याला स्वतःला कळायच्या आधीच खोली कमी होते, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असा नियम आहे. धावत्या गाडीत बदलायला कोण आहे? पायलटचे हात स्टिअरिंगवर. अँबू पिशवीचंही, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचंही तसंच. एका हाताने मास्क चेहऱ्यावर घट्ट धरून दुसऱ्या हाताने पिशवी दाबली की कडेने हवा सुटते. नीट श्वास द्यायचे तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने पिशवी दाबावी. शिवाय हलत्या गाडीत उभं राहून दाब देताना दाब तिरके पडतात आणि वळणावर ईएमटीच आपटतो. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा: रुग्ण जिथे पडला तिथेच, जमिनीवर, पायलटला सोबत घेऊन दाबांच्या सुरुवातीच्या फेऱ्या आणि एईडीचे (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे) शॉक पूर्ण करायचे, मग उचलायचं. घरातले लोक मात्र ओरडत असतात, "इथे काय करताय, चला लवकर!" ह्या ओरडण्यासमोर ठाम राहायला प्रशिक्षण लागतं, आणि आपल्यामागे संस्था उभी राहील असा भरवसाही लागतो. सहा आठवड्यांच्या कोर्समधून नुकत्याच आलेल्या बावीस वर्षांच्या मुलाकडे दोन्ही नसतात. तो रुग्ण उचलतो आणि पळतो.

गाडीतलं बाळंतपण हा दुसरा प्रसंग. कवांट, नसवाडीकडून येताना तो दुर्मीळ नाही. बाळ बाहेर आलं की एका क्षणात रुग्ण दोन होतात आणि ईएमटी एकच राहतो. बाळ पुसून कोरडं करायचं, आईच्या छातीवर उघड्या त्वचेला लावून ठेवायचं, रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत नवजाताच्या छोट्या पिशवीने मिनिटाला ४० ते ६० श्वास द्यायचे. नाळ एक ते तीन मिनिटांनी, दोन ठिकाणी चिमटे लावून मध्ये कापायची. त्याच वेळी आईला ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन) १० युनिट मांडीच्या स्नायूत. वार पडल्यावर पोटावरून गर्भाशय चोळत राहायचं. ते कडक, गोळ्यासारखं लागलं पाहिजे. कणकेसारखं मऊ लागलं तर रक्त जातंय असं समजायचं. ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं. गाडीतला छोटा फ्रिज किंवा बर्फाचा डबा बंद असेल आणि इंजेक्शन मे महिन्याच्या उन्हात तापत पडलं असेल, तर सुई टोचली जाते आणि परिणाम होत नाही. हे कामाच्या पाळीच्या सुरुवातीलाच तपासायचं असतं.

जुन्या शहरात अडचण वेगळी. मांडवी, रावपुऱ्याच्या पोळांमध्ये, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्त्यांमध्ये गाडी शिरत नाही, ती मोठ्या रस्त्यावर उभी करावी लागते. वाड्यांचे लाकडी जिने अरुंद आणि उभे, वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. तिथे जिन्याची खुर्ची हवी. ती नसली तर घरातली भक्कम लाकडी खुर्ची घ्यायची. रुग्णाला छातीशी आणि मांड्यांशी चादरीने बांधायचं, हात आत घ्यायचे म्हणजे तो घाबरून कठडा पकडणार नाही, आणि पाय पुढे, तोंड उताराकडे असं उतरवायचं. खाली पायलट, वर ईएमटी, आणि खालच्याच्या पाठीला हात देऊन पायऱ्या मोजणारा घरातला एक माणूस. छातीत दुखणाऱ्याला "हळूहळू चालत उतरा" असं मुळीच सांगायचं नाही. अशी उचलाउचल दिवसाला चार-पाच वेळा, वर्षानुवर्षं केली की कंबर जाते. पस्तिशीत मणक्याचं दुखणं घेऊन नोकरी सोडणाऱ्याला पुढचं काम कोणतं, ह्याचं उत्तर आजच्या व्यवस्थेत नाही.

भाषेबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण कोणत्याच अभ्यासक्रमात ती शिकवत नाहीत. वडोदऱ्यातली मराठी आजी "छातीत दुखतंय" असं क्वचितच म्हणते. ती म्हणते, "जीव घाबरा होतोय", "कसंतरीच होतंय", नाहीतर गुजरातीच्या सवयीने "गभरामण होतंय". नव्या ईएमटीला वाटतं की बाई घाबरल्यात, आणि तो धीर देत बसतो. गभरामण म्हणजे नुसती भीती नव्हे, जीव कासावीस होणंही. साठीच्या पुढची बाई, मधुमेह, अंगाला गार घाम आणि हे वाक्य, एवढं जुळलं की झटका आहे असं धरूनच ईसीजी काढायचा. "पित्त झालंय" म्हणणाऱ्या पुरुषाचंही तेच. छोटा उदेपूरच्या बाजूला राठवी बोलणारी माणसं, त्यांचे शब्द आणखी वेगळे. वीस-पंचवीस वाक्यांची यादी, तीन भाषांत, प्रत्येकासमोर 'काय विचारायचं, काय तपासायचं': दोन दिवसांचा धडा होईल, आणि माझ्या मते महागड्या पुतळ्यांपेक्षा जास्त जीव वाचवेल.

आता शिक्षणाचं माप. नोकरी देऊन शिकवण्याचे जे कोर्स चालतात ते साधारण सहा-सात आठवड्यांचे. आठवड्याचे ४८ तास धरले तरी २८८ ते ३३६ तास होतात. शेजारी हे ठेवून पाहा: २०२१ साली संसदेने राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आहे. ह्या कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायचं तर किमान २,००० तासांची, दोन ते चार वर्षांत विभागलेली पदविका किंवा पदवी लागते. म्हणजे आज गाडीत बसणाऱ्या बऱ्याच जणांचं शिक्षण कायद्याच्या मापाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढं आहे. दोष त्यांचा नाही, भरतीच्या जाहिरातीने तेवढंच मागितलं होतं. ह्या कायद्याखाली नोंदणी करणाऱ्या राज्यांच्या परिषदा स्थापन व्हायलाही उशीर झाला, इतका की २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

अमेरिकेतही हे दुखणं आहे. तिथे १९६६ साली अपघाती मृत्यूंवरच्या एका राष्ट्रीय अहवालाने डोळे उघडले. त्याआधी अनेक गावांत रुग्ण न्यायला अंत्यविधी करणाऱ्यांच्याच गाड्या जात. आज तिथला ईएमटीही साधारण दीडशे-दोनशे तासच शिकतो आणि कमी पगाराबद्दल तक्रार करतो. फरक असा की त्याच्या वर हजार-बाराशे तासांहून जास्त शिकलेला, परवानाधारक पॅरामेडिक ही वेगळी पायरी आहे, आणि तिचा पगार वेगळा आहे. ब्रिटनने २०२१ पासून पॅरामेडिकच्या नोंदणीसाठी पदवी सक्तीची केली. 'पॅरामेडिक' हा शब्दच तिथे कायद्याने राखीव आहे, नोंदणी नसताना तो वापरणं गुन्हा. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१८ पासून देशभराची एकच नोंदवही आहे. आपल्याकडे मात्र एक्स-रे काढणारा, लॅबमधला, ड्रेसिंग करणारा आणि ईएमटी, सगळे बोलण्यात 'पॅरामेडिकल स्टाफ'. नाव सगळ्यांचं एक झालं की कसबाची किंमत कोणाचीच ठरत नाही.

ही गोष्ट वडोदऱ्यात सांगावी लागते ह्याचं मला जास्त वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जरांसारख्या रसायनज्ञाच्या हाती दिलं, आणि रंगारी, सुतार, यंत्रकाम करणारे ह्यांच्या हातातल्या कसबाला अभ्यासक्रम आणि परीक्षा दिली. आज त्याच जागी विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. हातांच्या कामाला सनद देणं ह्या शहराला नवं नाही.

शिकलेलं टिकवणं हा आणखी एक खर्च. सीपीआरचं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरू लागतं, प्रमाणपत्र मात्र दोन वर्षं वैध राहतं. उपाय मोठा नाही. दर महिन्याला, गाडी तळावर रिकामी उभी असताना, पंधरा मिनिटं. दोन मिनिटं पुतळ्यावर दाब, फोनवर मिनिटाला ११० ठोके वाजवणारा मेट्रोनोम लावून. दोन मिनिटं पायलटला मास्क धरायला देऊन अँबू पिशवी. पायलटलाही शिकवणं आवश्यक आहे, जागेवर दुसरा हात तोच आहे. नवजाताच्या पुतळ्यावर एक मिनिट. उरलेल्या वेळात दिवे बंद करून सिलिंडर बदलायचा: जुन्याची व्हॉल्व्ह बंद करा, साचलेला दाब सोडा, रेग्युलेटर काढा, वॉशर जागेवर आहे का बोटाने बघा, नव्याची व्हॉल्व्ह क्षणभर उघडून धूळ उडवा, रेग्युलेटर बसवा, हळू उघडा, कान लावून फुसफुस ऐका. हाताला तेल, ग्रीस, सॅनिटायझरचा ओलावा नको, ऑक्सिजनशी आग लागते. बहुतेक वेळा बिघडतं ते दोन कारणांनी: वॉशर हरवलेलं असतं, नाहीतर व्हॉल्व्हची किल्ली मागच्या पाळीवाल्याच्या खिशात गेलेली असते. किल्ली साखळीने सिलिंडरच्या पट्ट्याला बांधून टाकावी.

आता पगार. इथे आकडे उदाहरणाचे आहेत, रीत खरी आहे.

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये. कामाचे दिवस २६. आठवड्याला ४८ तास हे कायद्याचं माप, म्हणजे दिवसाचे ८ आणि महिन्याचे २०८ तास. तासाला ७२ रुपये १२ पैसे. पण पाळी १२ तासांची आहे. महिन्याचे तास होतात ३१२, जादा १०४. जादा तासांचा दर दुप्पट असतो: १४४ रुपये २३ पैसे. १०४ गुणिले १४४.२३ म्हणजे १५,०००. थोडक्यात, रोज १२ तास राबणाऱ्याला पगाराएवढीच रक्कम ओव्हरटाइम म्हणून आणखी मिळायला हवी, एकूण ३०,०००. स्लिपवर १२ तासांसाठी सपाट १५,००० असतील, तर खरा दर तासाला ४८ रुपये पडतो. शिवाय पाळी सुरू होण्याआधीची तपासणी आणि सामानाची मोजणी, संपता संपता लागलेली केस, तिचा हँडओव्हर, गाडी धुणं हे कुठेच मोजलं जात नाही. सकाळी आठला संपणाऱ्या पाळीत पावणेआठला कर्जणची केस लागली, तर घरी जायला दहा वाजतात. ९ जुलै २०२५ ला गंभीरा पूल पडल्यापासून पादऱ्याहून महीसागर नदी ओलांडायची म्हणजे लांबचा वळसा. गाडीचे किलोमीटर वाढले ते कुठेतरी लिहिले जातात, माणसाचे तास लिहिले जात नाहीत.

कपातीकडे बघा. १५,००० वर पीएफ १२ टक्के, १,८०० रुपये. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, पाऊण टक्का, ११३ रुपये. गुजरातेत १२,००० च्या वर व्यवसाय कर २००. हातात १२,८८७. नेमणुकीच्या वेळी तोंडी सांगितलेल्या रकमेत मालकाचा पीएफ आणि त्याचा ईएसआयचा सव्वातीन टक्के हिस्साही मिळवलेला असतो, म्हणून ती फुगलेली दिसते. विचारायचं ते 'हातात किती आणि किती तासांचे'. ओव्हरटाइम दिला तर त्यावर पीएफ कापत नाहीत. ईएसआयची २१,००० ची मर्यादा पाहतानाही ओव्हरटाइम धरत नाहीत, त्यामुळे "ओव्हरटाइम घेतलास तर ईएसआय जाईल" असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

सगळ्यात मोठं नुकसान ग्रॅच्युइटीत होतं. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १५,००० वर पाच वर्षांचे ४३,२६९ रुपये. अट सलग पाच वर्षांच्या नोकरीची. सेवेचा ठेका काही वर्षांनी दुसऱ्या संस्थेकडे जाऊ शकतो. तोच ईएमटी, तीच गाडी, तोच तळ, पण नवं नेमणूकपत्र आणि वर्षं शून्यापासून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला एका वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. म्हणून पत्रात 'ठरावीक मुदत' हे शब्द आणि तारखा आहेत का ते वाचूनच सही करावी. त्याच संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, तेव्हा मूळ पगार बारीक ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवायची जुनी युक्ती चालणार नाही.

पगार वर का जात नाही, ह्याचं उत्तर ठेक्याच्या रचनेत आहे. सरकार चालक संस्थेला दर गाडीमागे महिन्याचे, किंवा दर किलोमीटरमागे पैसे देतं, आणि सहसा सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम मिळतं. डिझेलचा भाव संस्थेच्या हातात नाही, टायर आणि सुटे भाग बाजारभावाने. दाबता येईल अशी एकच मोठी बाब उरते: माणसं. गाडी उशिरा पोचली तर दंड आहे, बंद पडली तर दंड आहे. ईएमटीला वर्षभरात एकही तास शिकवलं नाही, तर दंड नाही. माझा आग्रह दोन कलमांसाठी आहे. पहिलं, निविदेत पगाराची रक्कम बोलीबाहेर ठेवा: सरकारने ठरवलेली, प्रत्यक्ष खात्यात गेल्याचा पुरावा दाखवल्यावरच परत मिळणारी. मग कमी पगार दाखवून बोली जिंकता येणार नाही. दुसरं, ठेका बदलला तरी नोकरीची सलगता आणि वर्षं कायम.

समान कामाला समान वेतन ह्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा जगजीत सिंग निकाल आहे, हंगामी कर्मचाऱ्यांच्या बाजूने. पण त्याचा आधार घ्यायला 'समान काम' दाखवावं लागतं, आणि सरकारी पदांच्या यादीत ईएमटीसारखं पदच नसेल तर तुलना कोणाशी करणार? नोंदणी झालेली पात्रता नसल्याचा तोटा इथे उघड दिसतो. जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) केलेल्या परिचारिकेला नर्सिंग परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो घेऊन ती कुठेही जाते. ईएमटीने आठ वर्षांत हजारो केस केल्या तरी त्याच्याकडे नेण्यासारखं अनुभवाचं एक पत्र असतं, तेही संस्थेने दिलं तर. आखातात जायचं म्हटलं की पदविका-पदवी आणि नोंदणीचे कागद मागतात. हुशार मुलं दोन-तीन वर्षांत नर्सिंग, कॅथलॅब किंवा औषधविक्रीकडे वळतात, आणि त्यांच्या जागी पुन्हा सहा आठवड्यांचा कोर्स झालेला नवा मुलगा बसतो.

सध्या आत असलेल्यांना घरी बसवून पदवीधर आणणं मला मान्य नाही. त्यांच्यासाठी पूल हवा: केलेल्या कामाचे तास मान्य करून, उरलेला भाग, म्हणजे शरीररचना, औषधशास्त्र, ईसीजी, बालरोग, सयाजी आणि गोत्री रुग्णालयांच्या वॉर्डांत पाळ्या लावून, पगार चालू ठेवून पूर्ण करायचा. लेबर रूममध्ये वीस बाळंतपणं, शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञाच्या हाताखाली पन्नास वेळा मास्क धरणं: धावत्या गाडीत जे एकट्याने करायचंय ते आधी उजेडात, कोणी चूक दाखवणारं असताना करून झालं पाहिजे.

नोकरीला लागताना एक गोष्ट पैशांआधी बघावी: हिपॅटायटिस बी ची लस. तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी, पातळी किमान १० (mIU/ml). डोस घेऊनही पातळी न येणारे लोक असतात, म्हणून तपासणी टाळायची नाही. हलत्या गाडीत सुई टोचली गेली तर जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायची. सुई टोचल्याची नोंद त्याच पाळीत लेखी द्यावी, नंतर ते कामावरच घडलं हे सिद्ध करणं अवघड जातं.

आणि पहिल्या दिवसापासून स्वतःची एक वही ठेवावी. संस्थेच्या संगणकातल्या नोंदी ठेका बदलला की तुमच्या हातात राहत नाहीत. रकाने असे आखा: तारीख, पाळी सुरू आणि संपल्याची खरी वेळ, केसचा प्रकार, स्वतः काय केलं (शिरेत सुई, ईसीजी, अँबू, बाळंतपण, एईडी), ईआरसीपींचा सल्ला घेतल्याची वेळ, कोणत्या रुग्णालयात किती वाजता सोपवलं. रुग्णाचं नाव, पत्ता, फोन लिहायचा नाही. दर महिन्याच्या शेवटी दोन बेरजा: एकूण तास, आणि प्रत्येक कामाची संख्या. पहिली बेरीज पगाराच्या स्लिपशेजारी चिकटवा. दुसरीवर जमलं तर तळाच्या प्रमुखाची सही घ्या, राज्य परिषदेच्या नोंदणीचा अर्ज भराल तेव्हा त्यासोबत जोडता येईल.